दीर्घिकेची शुक्रवारची सुट्टी

माझं संशोधन कशावर आहे, हे बाबा आल्यागेल्याला एका वाक्यात सांगत. "आकाशातली एक लाइट कमीजास्त होते, ती बघते आमची बाय." या वाक्यात चूक काढायला फारशी जागा नव्हती, म्हणून मला त्याचा जास्तच राग यायचा. परिणाम असा झाला, की भिवंडीत, टेमघरच्या आमच्या गल्लीत कुणाची ट्यूबलाइट फडफडली की मला बोलावणं येई. शेजारच्या काकू तर फ्रिजचा स्टॅबिलायझर उचलून थेट आमच्या जिन्यात आल्या. मी त्यांना म्हटलं, "काकू, मी बघते ती वस्तू पाच कोटी प्रकाशवर्षं लांब आहे." त्या म्हणाल्या, "मग हे तर हातातलंच आहे की." मी त्याचा फ्यूज बदलून दिला आणि माझी कीर्ती अंजूरफाट्यापर्यंत पोचली.

वस्तू तशी समजायला सोपी आहे. आपल्या आकाशगंगेसारखी एक दीर्घिका, आणि तिच्या अगदी मधोमध बसलेलं एक राक्षसी कृष्णविवर. आजूबाजूचा वायू त्याच्याकडे ओढला जातो, गोल गोल फिरतो, तापतो, आणि आत पडण्याआधी इतका झगमगतो की इथे गच्चीवर लावलेल्या दुर्बिणीत दिसतो. घास कधी मोठा असतो, कधी छोटा. त्यामुळे त्या गाभ्याचं तेज कधी चढतं, कधी उतरतं. कधी काही दिवसांत, कधी महिन्यांत, कधी वर्षानुवर्षं. ते कसं बदलतं हे मोजत राहिलं, की त्या न दिसणाऱ्या खादाडाबद्दल थोडंफार कळतं. मी ते मोजत होते. बाबा त्या दीर्घिकेला 'तारा' म्हणत.

"तारा नाही, दीर्घिका," मी वसकन म्हणायचे.

"त्येच गं," बाबा म्हणत.

माझा स्वभाव तापट आहे हे इथेच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्यावरूनच झालं.

त्या वर्षी माझ्या पीएच.डी.चं सहावं वर्ष चालू होतं. विद्यापीठाचं पत्र आलं होतं: जूनच्या सुरुवातीला समितीपुढे ठोस काहीतरी मांडा, नाहीतर नोंदणी रद्द. कॉलेजातली माझी नोकरी कंत्राटी होती आणि पीएच.डी. चालू आहे या एका आशेवर दरवर्षी पुढे ढकलली जात होती. म्हणजे नोंदणी गेली की नोकरीही गेली. पुढचं आईने ठरवूनच ठेवलं होतं. मामाची नाशिक हायवेला गोदामं आहेत. तिथल्या ऑफिसात माझ्यासाठी कॉम्प्युटरपुढची एक खुर्ची राखून ठेवलेली होती. "एसी आहे," आई म्हणायची, "आणि वर बघावं लागत नाही." आई आणि मामा मिळून ही घरची समिती होती, आणि ती विद्यापीठाच्या समितीपेक्षा कडक होती. बाबा या विषयावर काहीच बोलत नसत. ते घरात एकूणच कमी बोलत. बोलून ऐकू जायला आमच्या घरात जागाच नव्हती.

कारण आमचं घर असं: खाली बाबांचा बारा लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा, कारखाना, त्याच्यावर आम्ही, आणि आमच्यावर गच्ची. दिवसपाळी आणि रातपाळी मिळून लूम चोवीस तास खडखडत. शुक्रवारी तेवढे बंद. निजामपुऱ्यात, शांतीनगरात, आमच्याकडे, कारखाना कुणाचाही असो, शुक्रवार म्हणजे सुट्टी. लूमचा आवाज आम्हाला ऐकू येत नाही, तो थांबला की ऐकू येतो. कामाच्या वेळी मला तोही नको असायचा, म्हणून ऑनलाइन शिकवायला घेतलेले मोठे हेडफोन कानांवर चढवून मी गच्चीवर बसायचे. खाली प्रलय झाला असता तरी मला कळलं नसतं.

दुर्बीण विद्यापीठातल्या एका कपाटामागे धूळ खात पडलेली होती. सरांनी, म्हणजे माझ्या मार्गदर्शकांनी, ती मला सहीवर दिली. तिच्यात कॅमेरा बसवून मार्चपासून मी रोज संध्याकाळी साडेआठ ते नऊ दीर्घिकेचे फोटो घ्यायला लागले. पद्धत बिनडोक वाटावी इतकी साधी. फोटोत दीर्घिकेभोवती एक गोल काढायचा, शेजारच्या दोन ताऱ्यांभोवती तेवढेच गोल काढायचे. ते तारे कधी बदलत नाहीत. मग आपल्या गोलातलं तेज त्यांच्याशी ताडून बघायचं. पहिल्या दिवसापासून माझी एकच तक्रार होती, की चित्र हलतं. मी फोनवर सरांना ते सांगायचे, जरा मोठ्या आवाजात. सर म्हणायचे, "हवा असेल." मी म्हणायचे, "हवेला काय धाड भरलीय?" नाचता येईना अंगण वाकडं, असं सरांना वाटत असणार. पण आमचं अंगण खरंच हलत होतं, हे मला तेव्हा सुचलं नाही.

एप्रिल संपता संपता मला शोध लागला.

आलेखावर ठिपके टाकल्यावर ते सरळ रेषेत बसेनात. दीर्घिका मंद व्हायची, परत चढायची, परत मंद व्हायची. कॉम्प्युटरला विचारलं, किती दिवसांनी? त्याने उत्तर दिलं, सात. मी आलेखाकडे बघत राहिले. पाच कोटी प्रकाशवर्षांवरच्या एका कृष्णविवराला घड्याळासारखा नेम असावा आणि तो टेमघरच्या गच्चीवरून मला सापडावा! मी खाली जाऊन आईला मिठी मारली. आईने विचारलं, "ताप आहे का?"

सरांना फोन केला.

"सात?" ते म्हणाले.

"सात."

"बरोब्बर सात? साडेसहा नाही, सव्वासात नाही?"

"नाही. सात."

"तुमच्याकडे भिवंडीत दर सात दिवसांनी काही होतं का?"

हा प्रश्न मला अपमानकारक वाटला. मी म्हटलं, "सर, इथे दर सात दिवसांनी काहीही होत नाही," आणि फोन ठेवला. दिवस शुक्रवारचा होता. खाली लूम बंद होते. मी त्या शांततेत बसून बोलत होते.

शनिवारी मी आलेखाचा कागद घेऊन खाली कारखान्यात गेले. बाबांना दाखवायचा होता. आमच्या जॉबर चाचांच्या चहाची ती वेळ होती. जॉबर म्हणजे लूम दुरुस्त ठेवणारा माणूस. चाचा तीस वर्षांपूर्वी गोरखपूरकडून आले आणि तेव्हापासून आमच्याच लूमला तेल घालतायत. त्यांनी बशी खाली ठेवली, कागद हातात घेतला, तारखांवरून बोट फिरवलं.

"ये नीचे वाले कौन से दिन हैं, बिटिया?"

"ज्या दिवशी तिचं तेज उतरलं ते दिवस."

चाचांनी बोटांवर मोजलं. मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघून परत मोजलं. मग अदबीने म्हणाले, "ये तो करीब-करीब सब जुम्मा है."

मी म्हटलं, "असं कसं असेल?"

"तुम्हारा तारा भी छुट्टी करता है," चाचा म्हणाले आणि उरलेला चहा प्यायले. बाबांनी कागद घेतला आणि उजेडाकडे धरून बघितला. मला दोघांचाही संताप आला. जी दीर्घिका डायनासोर संपल्यानंतर निघालेला उजेड आज पोचवते, तिला भिवंडीचा साप्ताहिक वार कुठून कळणार, असं मी तावातावाने विचारलं आणि वर निघून आले.

वर येऊन मी गच्चीवर दुर्बिणीशेजारी एका वाटीत पाणी ठेवलं. पाण्यावर बारीक बारीक वर्तुळं उठत होती, थांबत नव्हती. पुढच्या शुक्रवारी तीच वाटी ठेवली. पाणी आरशासारखं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. माझा कळसा तर बारा लूमचा होता.

झालं होतं ते असं. लूम चालू असले की सगळी इमारत थरथरते, तिच्याबरोबर दुर्बीण. फोटोत तारे फिसकटतात आणि त्यांचा उजेड माझ्या गोलाबाहेर सांडतो. दीर्घिका मुळातच धूसर आणि पसरट, तिचं त्या मानाने कमी सांडतं. मग ताऱ्यांशी ताडली की ती उगाच तेजस्वी ठरते. शुक्रवारी लूम बंद, तारे टाचणीच्या टोकाएवढे, सगळा उजेड गोलात, आणि बिचारी दीर्घिका मंद. मी दोन महिने आकाशातलं कृष्णविवर समजून आमचा कारखानाच मोजत होते.

दोन दिवस मी गच्चीवर गेलेच नाही. आईने मामाला फोन करून खुर्चीची चौकशी केली, ती मला स्वयंपाकघरातून ऐकू येत होती. तिसऱ्या दिवशी मी सगळे शुक्रवार आलेखातून काढून टाकले. आणि उरलेल्या ठिपक्यांमध्ये मला पाच असे दिसले, जे तरीही खाली उतरलेले होते. एक सोमवार, दोन बुधवार, एक गुरुवार, एक शनिवार. कुठला नेम नाही, काही नाही. लूम तर त्या दिवशी चालूच होते. म्हणजे ही मंदी खरी! कृष्णविवराचा घास लहान झाला होता, पाच वेळा, आणि तो मला सापडला होता. मी परत आईला मिठी मारली. या वेळी तिने कपाळाला हात लावून पाहिला.

सरही जरा नरमले. "पाच वेळा? एकाच संध्याकाळपुरतं? फार झटपट आहे हे. खरं असलं तर बघण्यासारखं आहे," ते म्हणाले. 'खरं असलं तर' हे शब्द मी ऐकले नाहीत. समितीला पाठवायचा गोषवारा मी एका बैठकीत लिहिला आणि पाठवूनही दिला. या काळात जॉबर चाचा मला जिन्यात भेटले की खोकायचे. मी त्यांना आल्याचा काढा दिला.

समितीच्या दोन दिवस आधी सरांनी विचारलं, "त्या पाचांपैकी एखाद्या दिवशी पौर्णिमा नव्हती ना? चांदण्याने पण घोटाळे होतात." मी घरातलं कॅलेंडर बघायला गेले, तर एप्रिलचं पान आईने फाडून शेवेच्या डब्याखाली घातलेलं. म्हणून मी कारखान्यातलं बघायला खाली उतरले.

कारखान्यातल्या कॅलेंडरवर बाबा रोज लिहितात. घरोघरी चौकटीत दूध आणि गॅस सिलिंडर लिहितात तसं, पण बाबांचं वेगळं. लूम कधी थांबले, किती वेळ थांबले आणि का. कारणाला एकच शब्द. 'बीम' म्हणजे ताण्याचा रूळ संपला. 'पट्टा' म्हणजे पट्टा तुटला. 'लाइट' म्हणजे वीज गेली. माझ्या जन्माच्या आधीपासून हे चालू आहे, म्हणून मी ते कधी वाचलं नव्हतं.

मी पौर्णिमा शोधत होते. मार्चमधल्या एका बुधवारच्या चौकटीत, बाबांच्या त्या चौकोनी अक्षरात, लिहिलं होतं: 'साडेआठ ते नऊ. तारा.'

पान उलटलं. एका सोमवारी: 'साडेआठ ते नऊ. तारा.' मग गुरुवार. मग शनिवार. मग परत एक बुधवार. मी वर पळत जाऊन माझी वही आणली. पाचच्या पाच.

बाबा एका लूमवर वाकून तुटलेला धागा जोडत होते. मी त्यांना हाताला धरून कॅलेंडरसमोर आणलं.

"हे काय आहे?"

बाबांनी हात पंचाला पुसले. "तू सरांना बोलत व्हतीस ना, चित्र हलतंय म्हणून. ज्या दिवशी लईच चिडलेली दिसलीस, त्या दिवशी अर्धा तास बंद केले. तुला वाईच बरं पडंल म्हणून."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"तू वरडतेस."

"मी कधी ओरडते?" मी ओरडले. बारा लूम चालू असताना तो आवाज पार दारापर्यंत गेला. चाचा दारातल्या दारात वळले आणि खोकत बाहेर निघून गेले. त्यांना माहीत होतं. रातपाळीच्या सगळ्यांना माहीत होतं. आईलासुद्धा माहीत होतं. हेडफोन फक्त माझ्या कानांवर होते.

"आणि शुक्रवारचं कळल्यावर तरी सांगायचं," मी म्हटलं.

"तवापासून बंद नाय केले," बाबा म्हणाले, आणि परत धाग्याकडे गेले. त्यांना आणखी काहीतरी बोलायचं होतं, पण मी ऐकायला थांबले नाही. मला वाईट वाटत होतं की राग येत होता हे माझं मलाच कळत नव्हतं. माझ्यासाठी कुणी अर्धा अर्धा तास बारा लूम थांबवतं, आणि त्याच प्रेमाने माझ्या सहा वर्षांवर पाणी पडतं, याला काय म्हणायचं?

सरांना सगळं सांगितलं. मला वाटलं ते चिडतील. त्यांनी विचारलं, "वडिलांच्या वेळा पक्क्या आहेत?"

"मिनिटाला पक्क्या."

"मग आणखी एकदा आलेख काढा. लूम चालू होते ते दिवस वेगळे, बंद होते ते वेगळे."

मी काढला. दोन रेषा आल्या, एक वर, एक खाली. आणि दोन्ही रेषा मार्चपासून मेपर्यंत एकाच उताराने हळूहळू खाली येत होत्या. लूम चालू असोत की बंद, दीर्घिका खरोखरच थोडी थोडी मंद होत होती. झटपट नाही, घड्याळासारखी नाही, कुणी मिठी मारावी अशीही नाही. पण ती तिची स्वतःची होती.

समितीत तिघं होते. मधल्या गृहस्थांच्या हातात माझा गोषवारा होता. ते म्हणाले, "तर या पाच आकस्मिक घटनांबद्दल सांगा."

मी म्हटलं, "त्या पाच वेळा माझ्या वडिलांनी लूम बंद केले होते," आणि पिशवीतून कारखान्याचं कॅलेंडर काढून टेबलावर पसरलं. त्याला तेलाचे डाग होते. कोपऱ्यात कापसाचा तंतू चिकटला होता. तिघं वाकले. एकीने हळूच 'तारा' वाचलं आणि चष्मा काढून हसायला लागली; मग बाकीचे दोघंही. एरवी मी काहीतरी बोलले असते.

हसून झाल्यावर मधल्या गृहस्थांनी विचारलं, "या नोंदी खऱ्या आहेत, कशावरून?"

"ते लूमबद्दल खोटं लिहीत नाहीत," मी म्हटलं. "माझ्याशी बोलले नाहीत, पण लिहून ठेवलं होतं."

मग मी दोन उतरत्या रेषा दाखवल्या. त्यावर त्यांनी बरेच प्रश्न विचारले आणि काहींची उत्तरं मला आली नाहीत. शेवटी एक वर्ष मिळालं. अटी दोन. दुर्बीण त्या इमारतीवरून हलवायची. आणि कॅलेंडरची ती तीन पानं प्रबंधाला जोडायची. दुसरी जागा माझ्या डोक्यात एकच आली. मामाच्या गोदामाचं ऑफिस, आणि त्याची सपाट, भक्कम, संध्याकाळी रिकामी गच्ची. म्हणजे आईच्या म्हणण्याप्रमाणे मी गोदामात जाणारच होते, फक्त एक मजला वर.

घरी आले तेव्हा साडेसात झाले होते. आकाश काळ्या ढगांनी पार भरलेलं होतं. आईला एक वर्ष मिळाल्याची बातमी सांगितली, गोदामाच्या गच्चीचं उद्या सांगू असं मनाशी ठरवलं. खाली गेले. बाबांनी कॅलेंडर हातातून घेतलं, खिळ्याला अडकवलं, सरळ केलं. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "त्याला काय झालं नाय ना?"

"कुणाला?"

"ताऱ्याला. आपण बंद केले की तो उतरायचा, असं चाचाने दाखवलं ना त्या दिवशी. तवापासून मनात हाय. आपल्यापायी तिकडं काय बिघडलं नसंल ना?"

महिनाभर हा माणूस हे मनात घेऊन लूम चालवत होता. विचारलं नव्हतं, कारण मी ओरडते. माझ्या जिभेवर 'तारा नाही' हे शब्द आलेलेच होते. ते मी गिळले.

"काही बिघडलं नाही, बाबा," मी म्हटलं. "तो त्याचा त्याचाच मंद होतोय. परत चढेलही."

"असं का होतंय मंग?"

सहा वर्षांत हे त्यांनी पहिल्यांदा विचारलं होतं, किंवा मी पहिल्यांदा विचारू दिलं होतं. मी सांगायला लागले, पण लूमच्या आवाजात त्यांना ऐकू जाईना. मी आवाज चढवला, मग थांबले. बाबांनी चाचांना हात केला. एकामागून एक बाराही लूम थांबले. मी कापडाच्या एका ताग्यावर बसून कृष्णविवर, वायू, घास, सगळं सावकाश सांगितलं. रातपाळीचे कारागीरही येऊन ऐकत बसले. चाचांचा खोकला एकदम बरा झाला होता. मधेच त्यांनी विचारलं, की तिकडे जुम्म्याला खरंच सुट्टी नसते का. बाबांनी त्यांना गप्प केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कॅलेंडर बघितलं. जूनच्या त्या चौकटीत लिहिलं होतं: 'आठ ते नऊ. तारा.'

त्या संध्याकाळचं माझ्याकडे एकही निरीक्षण नाही.